बाराची गाडी : 'हाय नून' आणि जुने वेस्टर्न

माळावरचा

गेल्या आठवड्यात 'हाय नून' हा जुना अमेरिकी चित्रपट पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते आता मोजत नाही. पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, कॉलेजात असताना, एका फिल्म सोसायटीच्या सतरंजीवर बसून. तोवर वेस्टर्न म्हणजे घोडे, धुरळा आणि धडाधड गोळ्या, एवढीच माझी समजूत होती. त्या संध्याकाळी अर्धा तास झाला, तास झाला, तरी कुणी कुणावर बंदूक झाडेना, आणि मी मात्र पाय आखडले तरी जागचा हललो नव्हतो. तेव्हापासून मनात एक गोष्ट घट्ट बसली आहे. वेस्टर्नचा खरा जीव गोळीबाराच्या आधीच्या वाट पाहण्यात असतो. हा धागा त्यासाठीच काढतोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅडलीव्हिल नावाचं लहानसं गाव, रविवारची सकाळ. गावाचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, विल केन (गॅरी कूपर) याचं नुकतंच लग्न लागलंय. बिल्ला खाली ठेवून तो बायकोबरोबर गाव सोडायच्या तयारीत आहे. तेवढ्यात तार येते : त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. मिलरचे तिघे साथीदार स्टेशनवर जाऊन बसलेत. त्या वेळी साडेदहा वाजून गेलेत. चित्रपट ८५ मिनिटांचा, आणि कथेचा वेळही जवळपास तेवढाच. केनकडे जेवढा वेळ उरलाय तेवढाच आपल्याकडे. दिग्दर्शक फ्रेड झिनमन पुन्हा पुन्हा घड्याळ दाखवतो, भिंतीवरचं, टेबलावरचं, ऑफिसातलं. दरवेळी काटा पुढे सरकलेला असतो आणि केनच्या मागे उभं राहणारं आणखी एक माणूस कमी झालेलं असतं.

मला सगळ्यात जास्त लागतो तो न्यायाधीश. ज्याने मिलरला शिक्षा सुनावली, तोच पहिला पळतो. आणि पळतो कसा, तर शांतपणे आवराआवर करत. भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू उचलतो, कायद्याची पुस्तकं पिशवीत भरतो, आणि हे करताकरता केनला इतिहासातले दाखले देत असतो. आवाज चढत नाही, हात थरथरत नाही. गावातून कायदा निघून जाताना त्याहून स्पष्ट कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग चर्च. तिथे भर प्रार्थनेत केन मदत मागायला उभा राहतो. चर्चा होते. प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं तर पटण्यासारखं आहे. शेवटी त्याचा जवळचा मित्र त्याचं तोंडभरून कौतुक करतो आणि त्याच दमात सांगतो, तू गाव सोड, त्यातच सगळ्यांचं भलं आहे. सोसायटीची सभा, गावकीची बैठक, ऑफिसातली मीटिंग, कुठेही बसलेल्या माणसाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मदतीला तयार होतात ते एक चौदा वर्षांचा पोरगा आणि एक डोळा गेलेला दारुडा. त्यांना केन स्वतःच परत पाठवतो.

हे सगळं पटकथालेखक कार्ल फोरमनने लिहिलं तेव्हा त्याच्यावर स्वतःवर तेच गुदरत होतं. १९५१ साली चित्रीकरण चालू असतानाच अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीने त्याला साक्षीला बोलावलं. एकेकाळी तो कम्युनिस्ट पक्षात होता. समितीला पक्षातल्या इतरांची नावं हवी होती. त्याने नावं दिली नाहीत. भागीदार दुरावले, जुने मित्र रस्ता बदलून जाऊ लागले, आणि लोकांनी काढता पाय घेताना जे जे त्याला ऐकवलं त्यातलं बरंच त्याने हॅडलीव्हिलच्या माणसांच्या तोंडी घातलं. चित्रपट लागला तेव्हा फोरमन इंग्लंडला निघून गेला होता. गॅरी कूपर स्वतः उजव्या विचारांचा, १९४७ साली याच समितीपुढे आपणहून साक्ष दिलेला माणूस. पण तो फोरमनच्या बाजूने उभा राहिला. कूपरबद्दल मला जो आदर आहे त्यात याचाही वाटा आहे.

कूपर तेव्हा पन्नाशीचा. पोटात अल्सर, कंबर दुखावलेली. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉसबीने त्याच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती झाकली नाही. आकाशही त्याने गोंडस ढगांचं ठेवलं नाही. ते पांढरंफटक आहे, अमेरिकी यादवी युद्धाच्या जुन्या फोटोंमध्ये असतं तसं. डोळ्यांना उन्हाचा त्रास व्हावा असं ते ऊन आहे.

आणि मग बारा. केन टेबलाशी बसून आपलं मृत्युपत्र लिहितोय. लंबक हलतोय आणि त्याच्या ठेक्यावर एकेक चेहरा येतो : चर्चमधले, दारूच्या गुत्त्यातले, बायको, स्टेशनवरचे तिघे, आणि मिलरला शिक्षा झाली तेव्हा तो ज्यात बसला होता ती रिकामी खुर्ची. संगीत चढत जातं आणि एकदम तुटतं. गाडीची शिट्टी.

संकलन, संगीत, गाणं आणि कूपरचा अभिनय, अशी चार ऑस्कर मिळाली. तुम्हाला असा वाट पाहायला लावणारा वेस्टर्न कोणता वाटतो?

जुना_मॅटिनी

धागा आवडला, पण मी दुसऱ्या बाजूचा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला 'हाय नून' अजिबात पटला नव्हता. त्याचं म्हणणं असं की चांगला शेरीफ गावभर दारोदार मदत मागत फिरत नाही. ज्यांचं ते काम नाही त्यांना मरणाच्या तोंडी देत नाही. त्याला उत्तर म्हणून त्याने १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला नायक जॉन वेन यालाही 'हाय नून'चा राग होता. तो राग त्याने १९७१ पर्यंत मुलाखतीत बोलून दाखवला. आणि तरी १९५३ च्या ऑस्कर समारंभात कूपर हजर नव्हता म्हणून त्याचं ऑस्कर स्वीकारायला मंचावर गेला तो हाच वेन.

वाट पाहणं 'रिओ ब्राव्हो'तही आहेच की. एक खुनी कोठडीत आणि त्याला न्यायला मोठा मार्शल येईपर्यंत कोठडी राखायची, एवढीच गोष्ट. फरक सोबतीचा. इथे शेरीफजवळ एक दारूतून उठू पाहणारा डीन मार्टिन आहे, एक लंगडा म्हातारा वॉल्टर ब्रेनन आहे, एक कोवळा पोरगा आहे. सुरुवातीची काही मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. गुत्त्यात एकजण मार्टिनला हिणवायला पिकदाणीत नाणं फेकतो, आणि दारूसाठी तो ते उचलायला वाकतो. वेन लाथेने पिकदाणी उडवतो. मी हा प्रसंग मुंबईत पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरी काकाच्या व्यसनाचे दिवस चालू होते. त्या वाकलेल्या पाठीकडे मला बघवलं नव्हतं. पुढे मार्टिनचे हात थरथरायचे थांबतात तो क्षण माझ्यासाठी कुठल्याही बाराच्या शिट्टीपेक्षा मोठा आहे.

मंद्रसप्तक

मॅटिनी, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही भांडणाऱ्या चित्रपटांचा संगीतकार एकच आहे, दिमित्री टिओम्किन! जन्म युक्रेनमधला, शिक्षण सेंट पीटर्सबर्गचं. 'हाय नून'मध्ये त्याने मोठ्या वाद्यवृंदाचा गजर न करता टेक्स रिटरच्या आवाजातलं एक साधं गाणं घेतलं आणि तीच सुरावट पूर्ण चित्रपटभर फिरवली. केन एकटा चालत असतो तेव्हा ती त्याच्या पावलांना चिकटलेली असते.

'रिओ ब्राव्हो'त खलनायक रात्रभर गुत्त्यात एकच धून वाजवून घेतो, 'देग्वेयो'. अर्थ असा की कुणालाही दयामाया नाही. कोठडीतल्यांनी ती ऐकत ऐकत वाट बघायची. पुढे इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला त्याच्या पहिल्या वेस्टर्नसाठी अशीच ट्रम्पेटची धून हवी होती आणि त्याने ती संगीतकार एन्नियो मोरिकोनेकडून करून घेतली. हे दोघं रोमच्या प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. त्यांच्याच 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं संगीत तर चित्रीकरणाच्या आधीच तयार होतं, आणि लिओने ते सेटवर लावून नटांना त्या लयीत चालायला लावायचा. क्लॉडिया कार्डिनाले स्टेशनातून बाहेर येते आणि कॅमेरा छपरावरून वर चढून गाव दाखवतो, तो प्रसंग डोळे मिटून ऐका एकदा.

रीळवाला

मी सांगली भागात तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, अठ्ठावीस वर्षं. तुम्ही म्हणता ते पिक्चर आमच्याकडे आले नाहीत. आमच्याकडे इंग्लिश म्हणजे सकाळच्या शोला 'मॅकेनाज गोल्ड'. ते पिक्चर आम्ही किती वेळा लावलं त्याला गणती नाही. प्रिंट इतकी घासलेली की पडद्यावर पाऊस पडायचा, तरी हाउसफुल्ल.

वाट बघण्याचं म्हणाल तर ते त्यातही आहे. सोन्याच्या दरीचा रस्ता उंच सुळक्याच्या सावलीने कळणार असतो. रात्रभर सगळे थांबून राहतात, चांगले, वाईट, सगळे. मग सूर्य उगवतो आणि सावली सरकायला लागते. त्या रिळाला मी केबिन सोडून कधी चहाला गेलो नाही. तेव्हा कार्बनचे दिवे होते. दोन कांड्यांमधलं अंतर वाढलं की उजेड पिवळा पडायचा. या सीनला हात कायम चाकावर ठेवायचो, नाहीतर पडद्यावरचा सूर्यच आजारी दिसायचा. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला चेंजओव्हर, म्हणजे पिक्चर त्या मशीनवर घ्यायचं. पब्लिकला कळता कामा नये. आमच्या प्रिंटमध्ये तोडजोड इतकी झालेली की पहिला ठिपका गायबच होता. मला ग्रेगरी पेकच्या घोड्याची मान वळली की मोटर चालू करायची हे पाठ झालं होतं.

खाली पब्लिक चिडीचूप. इंग्लिश एक अक्षर कळत नसलेली माणसं. सावली दगडावर चढायला लागली की खुर्च्या करकरायच्या, कारण सगळे एकदम पुढे सरकायचे.

माळावरचा

रीळवाला काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. 'मॅकेनाज गोल्ड' लिहिला कार्ल फोरमनने. त्याच फोरमनने. आणि १९६९ च्या त्या चित्रपटाचे निर्माते दोघं, कार्ल फोरमन आणि दिमित्री टिओम्किन. म्हणजे 'हाय नून' तुमच्या टॉकीजला आला नाही, पण त्याचा लेखक आणि त्याचा संगीतकार वर्षानुवर्षं तुमच्या केबिनमधून पडद्यावर जात होते.

इंग्लंडला गेल्यावर फोरमनची उमेदीची वर्षं नाव लपवण्यात गेली. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ची पटकथा त्याने आणि मायकल विल्सनने लिहिली. दोघंही काळ्या यादीतले, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडने काम बंद केलेले, म्हणून ऑस्कर गेलं मूळ कादंबरीकार पिअर बूलच्या नावावर. दोघांना ते मिळालं मरणोत्तर. 'मॅकेनाज गोल्ड' समीक्षकांनी झोडपला हे खरं आहे आणि 'हाय नून'ची उंची त्याला नाही हेही खरं. पण गंमत बघा : ग्रेगरी पेकला 'हाय नून'मधला केनही देऊ केला होता. 'द गनफायटर' नुकताच केलेला, भूमिका तशीच वाटली म्हणून त्याने नाही म्हटलं.

निशिगंध

धागा छान चाललाय, पण एक बोच मांडते. या सगळ्यात अमेरिकेचे मूळ रहिवासी कुठे आहेत? 'मॅकेनाज गोल्ड'मधली हेश-के म्हणजे ज्युली न्यूमार, हचिता म्हणजे टेड कॅसिडी. दोघंही त्या समाजातले नव्हेत. दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मध्ये कोमांचे जमातीचा सरदार स्कार हा जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केलाय आणि त्याच्या मागचे 'कोमांचे' म्हणजे नव्हाहो या दुसऱ्याच जमातीची माणसं. १९६४ मध्ये 'शायेन ऑटम' काढून फोर्डने मूळ रहिवाशांची बाजू मांडू पाहिली, तर तिथेही मुख्य शायेन भूमिका रिकार्डो माँटलबान, गिल्बर्ट रोलंड, दोलोरेस देल रिओ या मेक्सिकन नटांकडे. चीफ डॅन जॉर्ज यांच्यासारखा मूळ रहिवासी समाजातला माणूस 'लिटल बिग मॅन'मध्ये आणि मग ईस्टवुडच्या 'द आउटलॉ जोसी वेल्स'मध्ये (१९७६) आपल्या चेहऱ्याने, आपल्या धिम्या आवाजात बोलतो तेव्हा किती उशीर झाला होता ते जाणवतं.

तरीही 'द सर्चर्स' मी टाकून देऊ शकत नाही. त्यातला ईथन पाच वर्षं पुतणीला शोधतो आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं की तो तिला वाचवायला निघालेला नाही, मारायला निघालाय, कारण ती 'त्यांची' झाली. जॉन वेनने आपला नायकाचा चेहरा तसाच ठेवून आतला द्वेष दाखवलाय. मला भीती वाटते त्याची, आणि ती वाटावी असंच ते केलंय. पण माझ्या जागी कुणी तिथल्या समाजातलं असतं तर त्याला हा चित्रपट एवढ्या शांतपणे पाहता आला असता का, हा प्रश्न मी दरवेळी स्वतःला विचारते.

जुना_मॅटिनी

निशिगंध ताई, मान्य. वेनच्या भक्तांनी हे ऐकायलाच हवं. एकच भर घालतो. चित्रपट उघडतो तो दार उघडून : आत अंधार, बाहेर लखलखीत वाळवंट. संपतो तोही दारातच. सगळे आत जातात, ईथन उंबऱ्याबाहेर थांबतो आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरतो. ही लकब हॅरी केरी या मूकपटांच्या काळातल्या वेस्टर्न नटाची. फोर्डचे सुरुवातीचे कितीतरी चित्रपट त्याच्याबरोबरचे. केरी तोवर वारले होते, आणि त्या दारातून नुकतीच आत गेलेली बाई म्हणजे त्यांची पत्नी ऑलिव्ह केरी. वेनने ते तिच्यासमोर केलं. फोर्डला दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळाली, त्यातलं एकही वेस्टर्नसाठी नाही. 'द सर्चर्स'ला तर साधं नामांकनही नव्हतं.

टेकडीपलीकडे

मी फिनिक्सला राहते. आईबाबा आले होते तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीला, 'द सर्चर्स'मधल्या त्या वाळवंटात, गेलो होतो. ती यूटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर आहे, आणि जमीन नव्हाहो लोकांची. पार्कही तेच चालवतात. उन्हाळ्यात तिकडे जायचं तर घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, कारण ॲरिझोना राज्य उन्हाळ्याची वेळ पाळत नाही आणि नव्हाहो नेशन, म्हणजे नव्हाहो लोकांचा स्वतःचा प्रदेश, पाळतो. आमचं तिथेच चुकलं आणि सकाळचा गाइड निघून गेला होता.

मंदीच्या काळात हॅरी गोल्डिंग नावाचा तिथला दुकानदार खोऱ्याचे फोटो घेऊन हॉलिवूडला गेला. चित्रीकरण आलं तर लोकांच्या हाताला काम मिळेल हा हेतू. फोर्डने 'स्टेजकोच' (१९३९) तिथे केला आणि मग पुन्हा पुन्हा परत आला. पण त्या जागेवर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की टेक्सास म्हणून 'द सर्चर्स'मध्ये आपण जे पाहतो ते टेक्सास नाहीच.

रीळवाला काका, तुमचा सावलीचा सुळका मी पाहिलाय! तो तिथून काही तासांवर, कॅन्यन द शेच्या दरीत आहे. स्पायडर रॉक. दरीच्या तळातून सुमारे ८०० फूट सरळ वर. नव्हाहो लोक मानतात की त्याच्या माथ्यावर कोळीण आजी राहते, तिनेच त्यांना विणकाम शिकवलं. वरच्या कठड्यापाशी एक नव्हाहो बाई दागिने विकत होत्या. बाबांनी न राहवून त्यांना सावलीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, इथे सोनं नाही, तळात मक्याची शेतं आहेत. बाबा कितीतरी वेळ खाली बघत होते. शेतं खरंच होती, हिरवीगार.

आर्या१९

मी तुमच्या मानाने लहान, उलट्या दिशेने आले. आधी 'शोले', मग बाकीचं. 'शोले'तली ठाकूरच्या कुटुंबाची हत्या आणि 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधली मॅकबेन कुटुंबाची हत्या पाठोपाठ पाहा. दोन्हीकडे आधी घरातली लगबग आहे, मग सगळे आवाज थांबतात, आणि शेवटी एक लहान मुलगा बंदुकीसमोर. लिओनेने त्या मारेकऱ्याच्या जागी हेन्री फोंडाला घेतलं, आयुष्यभर सज्जन माणसं केलेल्या नटाला. फोंडा डोळे तपकिरी दिसावेत म्हणून लेन्स लावून आला होता. लिओनेने त्या काढायला लावल्या. त्याला तेच निळे डोळे हवे होते.

आणि माळावरचा दादा, तुमचे स्टेशनवर बसलेले तिघे इथेही आहेत! सुरुवातीलाच. स्पेनमध्ये बांधलेलं ओसाड स्टेशन, तिघे गाडीची वाट बघताहेत. दहा मिनिटांहून जास्त वेळ काहीच घडत नाही. पवनचक्की कुरकुरते. वूडी स्ट्रोडच्या टोपीवर छतातून पाणी ठिबकतं. तो सरकत नाही, टोपीत साचलेलं पाणी पिऊन टाकतो. जॅक इलमच्या गालावर माशी बसते, तो ती बंदुकीच्या नळीत पकडतो आणि कानाशी धरून ऐकत बसतो. संगीत नाहीच.

'शोले'ही स्टेशनवरच उघडतो ना? गाडी येते, जेलर उतरतो, रामलाल घोडे घेऊन थांबलेला. बाकी रामगढ कर्नाटकात रामनगरला उभं केलं, पण गाडीवरची मारामारी आपल्या पनवेलजवळची. मी त्या मार्गाने रोज कॉलेजला जाते.

रीळवाला

काल रात्री नातवाने मोबाइलवरून टीव्हीला जोडून 'हाय नून' लावून दिला. माळावरचा, तुम्ही म्हणालात ते न्यायाधीशाचं बरोबर आहे. पण मला त्या म्हाताऱ्या मार्शलचं जास्त लागलं, ज्याची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. माझी पण झालीत. तो घाबरून नाही म्हणत नाही. तो म्हणतो मी आलो तर तुला माझीच काळजी करत बसावं लागेल. घड्याळ दाखवायला लागले तसा नातू मोबाइल खाली ठेवून बसला.

एक विचारायचं होतं. ती काळ्या केसांची हॉटेलातली बाई, हेलन, आणि केन, दोघं तिच्या खोलीत भेटतात. तिथे ते इंग्लिश सोडून दुसऱ्याच भाषेत काहीतरी बोलतात. खाली पट्टी आली नाही. नातवालाही कळलं नाही. काय बोलतात?

निशिगंध

काका, ते स्पॅनिश आहे. मुद्दामच अर्थ दिलेला नाही. हेलन म्हणजे केटी हुरादो, मेक्सिकोची. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं.

ती म्हणते, "वर्ष झालं, तू दिसला नाहीस."

तो म्हणतो, "हो. ठाऊक आहे."